मोजणाऱ्यांची जबाबदारी

६ जुलै २००३ रोजी, एका रविवारी, सहा तासांत सहा हजार संकेतस्थळे विद्रूप करण्याची उघड स्पर्धा इंटरनेटवर भरवण्यात आली होती. तिचा गुणतक्ता आधीच जाहीर झाला होता. विंडोजवर चालणाऱ्या सर्व्हरवरील पान बदलल्यास १ गुण, लिनक्स किंवा बीएसडी असल्यास २, एआयएक्स असल्यास ३ आणि एचपी-यूएक्स किंवा मॅकिंटॉश असल्यास ५ गुण, असा तो सर्व्हरच्या कार्यप्रणालीनुसार लावलेला हिशेब होता. विजेत्याला मिळणार होती ५०० मेगाबाइटची वेबजागा. अमेरिकेतील सुरक्षा कंपन्यांनी आणि सरकारी यंत्रणांनी त्याआधीच्या दिवसांत धोक्याचे इशारे दिले, वृत्तपत्रांनी ते छापले, आणि प्रत्यक्षात वर्तवला होता तेवढा उत्पात झाला नाही. त्यामुळे ती घटना बहुतेकांच्या विस्मरणात गेली. हौशी हॅकर हे उद्योग का करतात, या प्रश्नाचा विचार करताना मला मात्र त्या गुणतक्त्याइतका बोलका पुरावा दुसरा सापडलेला नाही.

त्या तक्त्यात संकेतस्थळ कोणाचे आहे यासाठी रकानाच नव्हता. पान रुग्णालयाचे असो, एखाद्या वाचनालयाचे असो की हजारो कर्मचारी असलेल्या कंपनीचे असो, गुण ठरत होते ते केवळ सर्व्हरच्या कार्यप्रणालीवरून. दुर्मीळ प्रणालीला जास्त गुण आणि सर्वत्र आढळणाऱ्या प्रणालीला कमी, एवढेच त्यामागचे तत्त्व. ज्याच्या नावाची, कामाची, विश्वासार्हतेची नासधूस होणार होती तो माणूस या हिशेबात कोठेच नव्हता. राग, सूड, विचारसरणी किंवा पैसा यांपैकी कोणत्याही हेतूला समोर कोणीतरी असावे लागते. शत्रू असावा लागतो किंवा पैसे देणारा असावा लागतो. येथे समोर कोणी नाही. जे आहेत ते सगळे शेजारी बसलेले, आपल्यासारखेच स्पर्धक. या खेळाचा हेतू कळायचा असेल तर बळी पडलेल्याकडे पाहून काही हाती लागणार नाही, मोजणाऱ्याकडे पाहावे लागेल, असे माझे मत आहे.

त्या दिवशी पुढे जे घडले त्यानेही हेच दाखवून दिले. विद्रूप झालेल्या पानांची प्रत जपून ठेवणारी काही संग्रहस्थळे तेव्हा होती. एस्टोनियात २००२ मध्ये सुरू झालेले झोन-एच हे त्यांतील प्रमुख. पान बदलणारा तेथे आपल्या टोपणनावाने वर्दी देतो, संग्रहाकडून खातरजमा होते आणि त्या पानाचा ‘मिरर’ कायमचा नोंदला जातो. मूळ मालकाने तासाभरात पान पूर्ववत केले तरी नोंद उरते. स्पर्धेच्या दिवशी या संग्रहावरच हल्ला झाला आणि तो उपलब्ध राहिला नाही. साक्षीदारच गेल्यावर कोणी किती पाने बदलली हे सांगण्याचे साधन उरले नाही आणि स्पर्धेला अर्थ राहिला नाही. केलेली नासधूस मात्र तशीच होती. निखळ तांत्रिक कुतूहल हा खरा हेतू असता, तर नोंद झाली काय नि न झाली काय, कुतूहल तर शमलेच असते.

सहा हजार हा आकडा ऐकून कोणालाही वाटेल की या तरुणांकडे अफाट कौशल्य असले पाहिजे. तो समज दूर केला पाहिजे, कारण या क्षेत्राभोवतीचे बरेचसे गूढ त्यातून निर्माण झाले आहे. एका होस्टिंग सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे एकत्र नांदत असतात आणि त्या सर्व्हरमध्ये एकदा शिरकाव झाला की एका छोट्या प्रोग्रामने सगळ्यांची मुखपृष्ठे एका दमात बदलता येतात. याला ‘मास डिफेसमेंट’ म्हणतात. जुलै १९९८ मध्ये मिलवर्म या हॅकरांच्या गटाने आणि त्याच्या साथीदार गटाने एका होस्टिंग कंपनीत घुसून तीनशेहून अधिक संकेतस्थळे अशीच एकाच वेळी बदलली होती. घुसणे एकदाच, गुण मात्र तीनशे. शिरकावासाठी लागणारे साधनही बहुधा दुसऱ्या कोणीतरी लिहिलेले असते. ते उतरवून घ्यायचे, पत्त्यांची यादी द्यायची आणि कोणता दरवाजा उघडतो याची वाट पाहायची. अशांना जाणकार हॅकर ‘स्क्रिप्ट किडी’ म्हणतात आणि त्या शब्दात पुरेशी अवहेलना आहे.

स्वतःचे कौशल्य येथे फारसे लागत नाही हे दाखवायला दोन घटना पुरेशा आहेत. जुलै २००१ मध्ये ‘कोड रेड’ या वर्मने, म्हणजे स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रामने, मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरमधील एका त्रुटीचा फायदा घेऊन चौदा तासांच्या आत साडेतीन लाखांहून अधिक यंत्रांना लागण केली आणि त्यांतील अनेकांची पाने विद्रूप केली. हे काम माणसाचा हात न लागता, आपोआप चालले होते, आणि त्या त्रुटीवरचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, महिनाभर आधी, जूनमध्ये, उपलब्ध झालेला होता. दुसरी घटना २०१७ मधली. संकेतस्थळे चालवण्याच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांनी २६ जानेवारीला आपली ४.७.२ ही आवृत्ती प्रसिद्ध केली आणि तिच्यात एक गंभीर त्रुटी दुरुस्त केल्याचे १ फेब्रुवारीला उघड केले. ज्यांनी तोवर अपडेट केले नव्हते त्यांची पंधरा लाखांच्या घरातील पाने पुढच्या दहा-बारा दिवसांत बदलली गेली. वीसेक टोळ्या एकाच शिकारीवर तुटून पडल्या होत्या. पूर्णपणे यंत्राकडून होऊ शकणाऱ्या कामावर एखादा तरुण आपले टोपणनाव का कोरतो, हा प्रश्न या ठिकाणी खरोखर उभा राहतो. कौशल्याचा अभिमान हे त्याचे उत्तर असू शकत नाही, कारण कौशल्य दुसऱ्याचे आहे.

उत्तर त्या विद्रूप पानांवरच लिहिलेले असते. अशा पानाची एक ठरलेली घडण असते आणि ती वर्षानुवर्षे फारशी बदललेली नाही. काळी पार्श्वभूमी, मोठ्या अक्षरांत टोपणनाव, त्याखाली गटाचे नाव, मग ‘ग्रीट्झ’ म्हणून मित्रांच्या टोपणनावांची लांबलचक यादी, एखाद्या प्रतिस्पर्धी गटाला शिवी, आणि शेवटी बहुतेक वेळा सर्व्हर सांभाळणाऱ्यासाठी एक ओळ: काही पुसलेले नाही, जुने पान नाव बदलून ठेवले आहे, पॅच लावून घ्या. मालकाच्या वाट्याला ही एक ओळ, उरलेले पान मित्रांसाठी आणि वैऱ्यांसाठी. दुसऱ्याच्या भिंतीवर लिहिलेले हे पत्र आहे आणि ते घरमालकाला उद्देशून नाही. ज्या मुलाला वर्गात, घरात, खेळाच्या मैदानात कोणी ओळखत नाही, त्याचे टोपणनाव त्या ‘ग्रीट्झ’च्या यादीत येणे ही त्याच्यासाठी किती मोठी गोष्ट असेल, हे समजून घेण्यासाठी त्याला निर्दोष ठरवण्याची गरज नाही. आपण सर्वच जण कोणाच्या तरी यादीत असावे म्हणून धडपडत असतो.

या निष्कर्षाला आधार देणारा अभ्यासही झालेला आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ४६२ विद्रूप पानांच्या आशयाचे विश्लेषण केले गेले. त्यांतील सुमारे ७० टक्के पाने थट्टामस्करीच्या प्रकारात मोडणारी निघाली आणि उरलेल्यांचा रोख राजकीय होता. ब्रिटनच्या नॅशनल क्राइम एजन्सीने २०१७ मध्ये सायबर गुन्ह्यांकडे वळणाऱ्या तरुणांविषयी अहवाल काढला. त्या यंत्रणेच्या तपासातील संशयितांचे सरासरी वय १७ असल्याचे आणि आव्हान पुरे केल्याचे समाधान व बरोबरीच्या मुलांसमोर स्वतःला सिद्ध करणे या प्रेरणा पैशापेक्षा प्रबळ असल्याचे त्यात म्हटले होते. झोन-एचवर वर्दी देताना हल्लेखोराला कारणही निवडावे लागत असे. गंमत, सूड, राजकारण, देशभक्ती, आव्हान, ‘मला सर्वोत्तम डिफेसर व्हायचे आहे’, अशा तयार पर्यायांतून. या उत्तरांवर मी फार भिस्त ठेवणार नाही, कारण घाईत अर्ज भरणारा माणूस हाताला येईल त्या पर्यायावर खूण करतो. सर्वोत्तम होण्याची इच्छा हे एक स्वतंत्र कारण म्हणून अर्जातच छापलेले असावे, ही गोष्ट मात्र मला अस्वस्थ करते. ज्या संग्रहाने ते छापले त्यानेच हल्लेखोरांची क्रमवारीही ठेवली होती आणि सरकारी वा नामांकित संकेतस्थळांसमोर तारका लावण्याची सोय केली होती.

राजकीय हेतूंचा प्रश्न यापेक्षा गुंतागुंतीचा आहे, आणि तो एका वाक्यात निकालात काढणे अन्यायाचे होईल. ऑगस्ट १९९६ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाचे पान बदलले गेले तेव्हा त्यावरचा मजकूर इंटरनेटवरील अभिव्यक्तीवर बंधने आणणाऱ्या नव्या कायद्याच्या विरोधात होता. तक्रार कोणाविषयी आहे आणि पान कोणाचे आहे यांत तेथे निदान संगती होती. जून १९९८ मध्ये अणुचाचण्यांच्या निषेधार्थ मिलवर्मच्या किशोरवयीन सदस्यांनी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत प्रवेश केला, तेथेही निषेधाचा विषय आणि लक्ष्य यांचा संबंध लावता येतो, मार्ग कितीही गैर असला तरी. पण जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसमध्ये ‘शार्ली एब्दो’ या व्यंगचित्र-साप्ताहिकाच्या कचेरीत झालेल्या हत्याकांडानंतर काही दिवसांत सुमारे १९,००० फ्रेंच संकेतस्थळांवर हल्ले झाल्याचे फ्रान्सच्या लष्करी सायबर संरक्षण प्रमुखांनी सांगितले, आणि त्या यादीत लष्करी तुकड्यांबरोबर पिझ्झाची दुकानेही होती. पिझ्झा विकणाऱ्याचा त्या वादाशी काय संबंध? त्याचे पान बदलले गेले ते त्याच्या संकेतस्थळाचे जुने सॉफ्टवेअर कोणाच्या तरी यादीत सापडले म्हणून. झेंडा नंतर लावला गेला. लक्ष्य जेव्हा मतावरून न ठरता त्रुटीवरून ठरते तेव्हा मत हे बहुतांशी त्याच जुन्या चढाओढीचे वस्त्र असते, असे मी मानतो. ज्यांना खरोखर निषेध करायचा आहे त्यांनाही या गर्दीमुळे हानी पोचते, कारण त्यांचा आवाज हजारो सारख्याच काळ्या पानांत विरून जातो.

या मुलांची बाजू घेणारे एक विधान वारंवार ऐकू येते: त्यांनी काही चोरले नाही, उलट त्रुटी फुकटात दाखवून दिली. ही गोष्ट नीट तपासली पाहिजे, कारण तिच्यात थोडे तथ्य आहे. जो पान बदलून जातो तो निदान आपण आल्याचे कळवतो. जो गुपचूप आत बसून ग्राहकांची माहिती उपसत राहतो तो अधिक घातक, यात शंका नाही. परंतु सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. ‘काही पुसलेले नाही’ या अनोळखी माणसाच्या शब्दावर तो विश्वास कसा ठेवणार? आत एखादे चोरदार ठेवले आहे का, पासवर्डची फाइल बाहेर गेली आहे का, बॅकअपसुद्धा घुसखोरीनंतरचा आहे का, हे त्याला शोधावेच लागते, आणि खात्री होत नसेल तर संपूर्ण सर्व्हर पुसून पहिल्यापासून उभारावा लागतो. पाच मिनिटांत बदललेल्या पानामागे अशी अनेक दिवसांची आणि रात्रींची मेहनत उभी राहते. मोठ्या संस्थेकडे त्यासाठी माणसे असतात. छोट्या संस्थेत हे काम बहुधा एखादा स्वयंसेवक किंवा दुसऱ्याच कामासाठी नेमलेला कर्मचारी करत असतो, आणि शोधयंत्राच्या निकालात आपल्या नावाखाली ‘ही साइट हॅक झालेली असू शकते’ असा इशारा दिसू लागल्यावर तो काढून घेण्यासाठीही त्यालाच धावपळ करावी लागते. ज्याला धडा शिकवायचा म्हणून हे केले जाते, त्या निष्काळजी मोठ्या कंपनीपर्यंत तो धडा क्वचितच पोचतो. तो पोचतो सर्वांत दुर्बळ माणसापर्यंत. दार उघडे होते हे कारण दारात शिरणाऱ्याला निर्दोष ठरवत नाही.

दार उघडे ठेवणाराही अर्थात निर्दोष नाही. पॅच उपलब्ध असून महिनोन्‌महिने न लावणे हा दुसऱ्यांच्या माहितीशी केलेला बेजबाबदारपणा आहे. त्याहून मला खटकते ती दुसरी गोष्ट. एखाद्या विद्यार्थ्याने त्रुटी पाहून सरळ मार्गाने कळवायचे ठरवले तर कळवायचे कोणाला, हे अनेक संकेतस्थळांवर कोठेच लिहिलेले नसते. कळवले तर उत्तर येत नाही. आणि कधी कधी येते ती कायदेशीर कारवाईची धमकी. अशा वेळी सरळ मार्गाने जाणाऱ्याला शिक्षा आणि काळे पान टांगणाऱ्याला टाळ्या, असा उलटा न्याय होतो. ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ नावाची एक साधी मजकुराची फाइल ठरलेल्या जागी ठेवावी आणि तीत तक्रार कोठे पाठवावी ते लिहावे, एवढ्यासाठी एप्रिल २०२२ मध्ये रीतसर तांत्रिक दस्तऐवज प्रसिद्ध झाला आहे. ही फाइल लिहायला काही मिनिटे लागतात. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागाने सद्भावनेने केलेल्या सुरक्षा संशोधनाबद्दल खटले भरू नयेत असे धोरण जाहीर केले. ज्या देशांत असे स्पष्ट धोरण नाही तेथे ते व्हावे, ही मागणी हॅकरांनी नव्हे तर सामान्य नागरिकांनी लावून धरली पाहिजे, कारण सुरक्षित राहायची गरज त्यांना आहे.

आता मोजणाऱ्यांकडे येऊ. विद्रूप पानांच्या संग्रहांचा एक खरा उपयोग आहे, हे मी नाकारत नाही. कोणत्या सॉफ्टवेअरमधील कोणती त्रुटी सध्या वापरली जात आहे, हल्ल्यांचे प्रमाण वाढते आहे का, हे त्यांच्यामुळेच कळते. संशोधकांना आणि तपास यंत्रणांना त्यांचा आधार वाटतो. ॲट्रिशन हे अशा सुरुवातीच्या संग्रहांपैकी एक. मे २००१ मध्ये त्याच्या चालकांनी हे काम थांबवले, कारण एका दिवसात शंभरावर पाने नोंदवण्याची वेळ येऊ लागली होती आणि स्वेच्छेने काम करणाऱ्या मूठभर लोकांना ते झेपेना. मला वाटते, त्या आकड्याकडे उलट बाजूनेही पाहिले पाहिजे. नोंद ठेवली जाते म्हणून पाने बदलली जात होती का, आणि पाने वाढली म्हणून नोंदणारे थकले का? जो आरसा गर्दी दाखवण्यासाठी लावला तोच गर्दी गोळा करत होता. संग्रहचालकांचा हेतू चांगला होता. परंतु नोंद ठेवणे आणि क्रमवारी लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा अभ्यासाला काडीचाही उपयोग नाही. कोणत्या टोपणनावाच्या खात्यावर किती हजार पाने जमा आहेत हे कळल्याने एकही सर्व्हर सुरक्षित झालेला नाही.

वृत्तमाध्यमांचे वर्तनही याहून वेगळे नाही. एखाद्या मंत्रालयाचे पान बदलले की त्याचे छायाचित्र, गटाच्या नावासकट, बातमीत झळकते, आणि बातमीत सर्व्हरची कोणती आवृत्ती होती, ती किती काळ अपडेट केलेली नव्हती, जबाबदार कोण होते, हे मात्र शोधूनही सापडत नाही. हल्लेखोराला हवे ते सगळे छापले जाते आणि नागरिकाला हवे ते गाळले जाते. आत्महत्यांच्या बातम्या कशा द्याव्यात याविषयी पत्रकारितेने स्वतःला काही बंधने घालून घेतली आहेत, कारण तपशिलांनी अनुकरण वाढते हे तिने ओळखले. येथेही टोपणनाव आणि पानाचे चित्र वगळून बातमी देता येते आणि तीत कोणतीही महत्त्वाची माहिती कमी होत नाही.

शिक्षेविषयी माझे मत थोडक्यात सांगतो. १९९९ मध्ये अमेरिकेत एका १९ वर्षांच्या तरुणाला अशा घुसखोरीबद्दल १५ महिन्यांचा कारावास, ३६,२४० डॉलरची भरपाई आणि सुटकेनंतर तीन वर्षे संगणक वापरण्यास मनाई अशी शिक्षा झाली. भरपाई मला योग्य वाटते, कारण त्यामुळे गुणतक्त्यात नसलेला तो बळी पडलेला माणूस प्रथमच हिशेबात येतो. संगणकापासून तोडणे मात्र घातक आहे. ज्या एकाच गोष्टीत त्या मुलाला गती आहे तिच्यावरच कुलूप लावले तर तो ती लपूनछपून करणार. नेदरलँड्समध्ये पहिल्यांदा गुन्हा करणाऱ्या तरुणांसाठी ‘हॅक_राइट’ नावाचा उपक्रम आहे. त्यात नुकसान समजून घेणे, भरपाई करणे आणि सुरक्षा क्षेत्रातील अनुभवी माणसाबरोबर काम करणे यांचा मेळ घातला आहे. ‘मिराई’ हा घातक बॉटनेट, म्हणजे ताबा घेतलेल्या यंत्रांचे जाळे, बनवणाऱ्या तीन तरुणांना २०१८ मध्ये तुरुंगाऐवजी पाच वर्षांची परिवीक्षा आणि अडीच हजार तासांची समाजसेवा देण्यात आली आणि ती त्यांनी तपास यंत्रणांच्या मदतीत घालवावी असे ठरले. हे सौम्य वाटेल, पण ज्यांनी नुकसान केले त्यांनीच ते भरून काढण्यात हातभार लावावा, यात मला कठोरपणाही दिसतो.

आणि चढाओढ हवीच असेल तर तिला रीतसर मैदान आहे. लास वेगासला भरणाऱ्या हॅकरांच्या डेफ कॉन परिषदेत १९९६ पासून ‘कॅप्चर द फ्लॅग’ या प्रकारची स्पर्धा होत आली आहे. मुद्दाम उभारलेल्या यंत्रणांत शिरणे आणि आपली यंत्रणा राखणे, दोन्ही त्यात येते. कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०१३ पासून शाळकरी मुलांसाठी ‘पिकोसीटीएफ’ सुरू केली. गुणतक्ता येथेही असतो आणि टोपणनावेही असतात. डेफ कॉनमध्ये राखण्याच्या कामालाही गुण मिळतात, हा फरक मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण २००३ च्या त्या तक्त्यात राखणाऱ्याला जागाच नव्हती.

२०१६ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने स्वतःच्या काही संकेतस्थळांतील त्रुटी शोधण्याचे खुले आमंत्रण दिले तेव्हा १,४०० हून अधिक जणांनी नाव नोंदवले आणि १३८ त्रुटी खऱ्या ठरल्या. त्यांतील एक सहभागी १८ वर्षांचा, नुकताच शाळेतून बाहेर पडलेला मुलगा होता. त्याने शोधलेल्या सहाही त्रुटी दुसऱ्या कोणीतरी आधीच कळवलेल्या होत्या, त्यामुळे त्याला बक्षिसाचा एक डॉलरही मिळाला नाही. संरक्षणमंत्र्यांनी मात्र त्याला पेंटागॉनमध्ये बोलावून, सर्वांसमोर, त्याच्या खऱ्या नावाने त्याचे आभार मानले.